नागपुरात दुमजली घर बांधतोय, स्लॅबसाठी ओपीसी ५३ सिमेंट (साधं पोर्टलंड, ५३ ग्रेडचं) घ्यावं की पीपीसी (राख मिसळलेलं पोर्टलंड)?

स्लॅबला आणि प्लास्टरलाही पीपीसीच घ्या. ओपीसी ५३ लवकर ताकद धरतं खरं, पण आपल्या उन्हाळ्यात ते जास्त तापतं आणि तडे जायची भीती वाढते. पीपीसी सावकाश धरतं, म्हणून पाणी निदान १४ दिवस मारायचंच. मिस्त्री "सात दिवस पुरे" म्हणाला तरी ऐकू नका.

ब्रँडवर फार अडू नका. अल्ट्राटेक, एसीसी, अंबुजा, तिन्हींचे कारखाने चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. दुकानातल्या गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष मात्र नक्की वाचा. तीन महिन्यांपेक्षा जुना माल उतरवूनच घेऊ नका. भाव विचारताना जीएसटी (२२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के), गाडीभाडं आणि हमाली धरूनच विचारा.