वीज वितरण कंपनी आणि विद्यापीठ मिळून क्वांटम नेटवर्क कशासाठी उभारतात? विजेचा त्याच्याशी संबंध काय?

हा प्रश्न पडतो तो अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरामुळे. तिथली वीज वितरण संस्था ईपीबी आणि युनिव्हर्सिटी ऑफ टेनेसी ॲट चॅटनूगा क्वांटम तंत्रज्ञानात एकत्र का उतरल्या आणि यात जाहिरातबाजी किती, ते पाहू. जाहिरातबाजी आहेच, पण वीज कंपनी यात उपरी नाही.

ईपीबी शहराच्या मालकीची, 1935 सालची संस्था. 2009 च्या मंदीत केंद्र सरकारने दिलेल्या मदतीतून तिला स्मार्ट ग्रिडसाठी (बिघाड स्वतः ओळखून सावरणाऱ्या वीजजाळ्यासाठी) 11 कोटी डॉलरहून जास्त मिळाले, आणि तिने आपल्या सगळ्या वितरण क्षेत्रात ऑप्टिकल फायबर टाकलं. झाड पडून लाइन तुटली की स्वयंचलित स्विचनी आपसात बोलून तेवढाच तुकडा बाजूला काढावा आणि बाकीच्यांची वीज लगेच परत यावी, यासाठी फायबर हवं होतं. 2010 मध्ये त्याच फायबरवरून त्यांनी घरोघरी 1 गिगाबिट इंटरनेट विकायला सुरुवात केली. थोडक्यात, क्वांटमवाल्यांना जे सगळ्यात महाग पडतं ते इथे आधीच खांबांवर लटकत होतं.

क्वांटम नेटवर्कमध्ये माहिती एकेका फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणावर असते. चांगल्या फायबरमध्येही दर किलोमीटरला साधारण 0.2 डेसिबल प्रकाश गळतो, म्हणजे 50 किलोमीटरवर दहातला एक फोटॉन पोचतो. एरवी मध्ये ॲम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारं यंत्र) बसवून भागतं. इथे ते चालत नाही, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल काढता येत नाही. चोरून ऐकणाऱ्यालाही ती काढता येत नाही, म्हणूनच तर या खटाटोपाला किंमत आहे. त्यामुळे सध्या हा खेळ एखाद्या शहराएवढ्या अंतरावरच नीट रंगतो.

मला यातली सगळ्यात रोचक वाटते ती ध्रुवीकरणाची, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दिशेची, अडचण. प्रयोगशाळेत रिळावर गुंडाळलेलं फायबर शांत पडून असतं. खांबावरचं फायबर उन्हाने तापतं, वाऱ्याने झुलतं आणि फोटॉनचं ध्रुवीकरण सतत सरकत राहतं. अमेरिकी सरकारची ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा, ईपीबी आणि हे विद्यापीठ यांनी मिळून ही सरक आपोआप दुरुस्त करणारी पद्धत याच व्यावसायिक फायबरवर तपासली आणि एन्टँगल्ड (अवस्था एकमेकांशी जोडलेल्या) फोटॉनचा प्रवाह 30 तासांहून जास्त वेळ न तुटता चालवून दाखवला. असा प्रयोग करायला वापरातलं फायबर देणारा कोणीतरी लागतो, आणि त्या मोजमापातून अर्थ काढणारी माणसंही लागतात. भागीदारीचा खरा फायदा मला इथे दिसतो.

क्वांटम नेटवर्कमुळे वीजजाळं हॅकर्सपासून सुरक्षित होईल, या दाव्याबद्दल मात्र मी सावध आहे. डिसेंबर 2015 मध्ये युक्रेनच्या वीज कंपन्यांवर सायबर हल्ला झाला आणि 2 लाखांहून जास्त ग्राहक अंधारात गेले, हे उदाहरण या चर्चेत नेहमी निघतं. पण तिथे हल्लेखोर फसव्या ईमेलने आत शिरले होते, कर्मचाऱ्यांचे पासवर्ड त्यांच्या हातात होते. क्वांटम नेटवर्कवरून पाठवलेल्या गुप्त सांकेतिक चाव्यांनी ते थांबलं नसतं. शिवाय ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने क्वांटम संगणकालाही फोडता येऊ नयेत अशा नव्या कूटपद्धतींची (माहिती सांकेतिक करण्याच्या पद्धतींची) मानकं जाहीर केली. ती साध्या सॉफ्टवेअरने बसवता येतात, वेगळं फायबर लागत नाही.

क्वांटम संगणकाचं म्हणाल तर 2025 मध्ये ईपीबीने असे संगणक बनवणाऱ्या आयॉनक्यू कंपनीशी 2.2 कोटी डॉलरचा करार केला, फोर्टे एंटरप्राइझ हे यंत्र शहरात आणण्यासाठी. 36 क्यूबिटचं (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं एकक). कुठली लाइन कधी कशी जोडायची असली ग्रिडची गणितं त्यावर करून पाहायची आहेत. आज तीच गणितं नेहमीचे संगणक जास्त चांगली सोडवतात, हे विक्रेते जरा हळू आवाजात सांगतात. तरी लेझर, डिटेक्टर आणि फायबरची जुळणी हाताने केलेले विद्यार्थी सध्या फार थोडे आहेत. ते तयार झाले तर माझ्या मते यंत्राच्या निकालाआधी त्यांचाच उपयोग होईल.

असा करार आणखी कुठे झाल्याचं वाचलंत तर दोन गोष्टी तपासा: फायबर कोणाच्या मालकीचं आहे, आणि बाहेरच्या संशोधकांना त्यावर आपली उपकरणं जोडू देतात का.