वाचकांचे प्रश्न : ‘पूर्ण व अंतिम’ रकमेच्या कागदावर सही करावी का?

प्रश्न : डिसेंबरमध्ये पारोळ्याहून जळगावला जात असताना, एरंडोलच्या अलीकडे, दिवस मावळल्यावर, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या कापसाच्या ट्रॉलीवर माझी गाडी आदळली. कोणाला इजा झाली नाही. पोलीस ठाण्यात नोंद केली आणि त्याच रात्री विमा कंपनीलाही फोनवर कळवले. गाडी १२०० सीसीची असून ४ वर्षे २ महिने जुनी आहे. विमा सर्वसमावेशक आहे, पण ‘झीरो डेप’ (सुट्या भागांच्या किमतीतून घसारा न कापण्याची जादा सोय) घेतलेले नाही. दुरुस्तीचे बिल १,०८,००० रुपये झाले. कंपनी ५८,००० रुपये देऊ करते आणि त्यासाठी ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या व्हाउचरवर सही मागते. काय करावे?
– एक वाचक, पारोळा (जि. जळगाव)

उत्तर : सही करण्याची घाई करू नका, मात्र पूर्ण १,०८,००० रुपये मिळतील अशी अपेक्षाही ठेवू नका. झीरो डेप नसल्यामुळे नव्या सुट्या भागांच्या किमतीतून घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेले मोल, वजा होणारच. तो किती असावा हे सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याच्या, मर्जीवर सोडलेले नसते, त्याचा तक्ता आपल्या पॉलिसीच्या अटींतच छापलेला असतो. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, काचेवर शून्य, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार, म्हणजे ४ ते ५ वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. मजुरीवर घसारा नसतो. रंगकामाचे एकत्रित बिल असेल, तर त्यातील २५ टक्के रक्कम रंगाच्या सामानाची धरतात आणि केवळ तेवढ्यावरच ५० टक्के घसारा लावतात.

आता आपण पाठवलेले बिल समोर ठेवू. बोनेट, फेंडर वगैरे धातूचे भाग ४०,००० रुपयांचे आहेत, त्यांतून १४,००० वजा होतील. बंपर, जाळी आणि हेडलाइट मिळून प्लास्टिकचे ३०,००० आहेत, त्यांतून १५,००० जातील. रंगकामाच्या १६,००० पैकी सामानाचे ४,००० धरून त्यातले २,००० जातील. समोरच्या काचेचे ८,००० आणि मजुरीचे १४,००० पूर्ण मिळायला हवेत. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागू असलेली १,००० रुपयांची अनिवार्य कपात (ग्राहकाने स्वतः सोसायची रक्कम) धरली, तरी एकूण वजावट ३२,००० होते आणि ७६,००० रुपये आपल्या वाट्याला येतात. पत्रासोबत पाठवलेल्या कंपनीच्या कपातीच्या कागदावर मात्र रंगकामाच्या संपूर्ण रकमेवर निम्मा घसारा लावला आहे, तिथे ६,००० जादा गेले. काच प्लास्टिकच्या रकान्यात बसवली, तिथे ४,००० गेले. हेडलाइटसमोर ‘जुने नुकसान’ असा शेरा मारून १६,००० ची वस्तू पूर्णपणे वगळली, त्यामुळे घसारा धरूनही ८,००० गेले. ७६,००० आणि ५८,००० यांमधील १८,००० चा हिशेब असा नेमका जुळतो.

यातील पहिल्या दोन चुका पॉलिसीतील तक्ता दाखवूनच सुटतील. हेडलाइटसाठी पुरावा लागेल, आणि तो आपल्याकडे आहे. आपल्या पुतण्याने अपघाताच्या जागीच काढलेल्या छायाचित्रात ट्रॉलीखाली सांडलेल्या कापसात हेडलाइटचे ताजे तुकडे स्पष्ट दिसतात, आणि फोटोवर वेळही आहे. इतके बोलके चित्र फार थोड्या वाचकांकडे असते. काढून ठेवलेला जुना हेडलाइट वर्कशॉपने भंगारात टाकण्यापूर्वी ताब्यात घ्या.

सर्व्हेच्या अहवालाची प्रत मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. ती लेखी मागा आणि वरील तिन्ही बाबींवरचा आक्षेप कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलने पाठवा. फोनवर किंवा वर्कशॉपच्या काउंटरवर झालेल्या बोलण्याचा पुढे काही उपयोग होत नाही, हे मी कळकळीने सांगतो, कारण चांगले क्लेम याच ठिकाणी अडकतात.

दुरुस्तीचे पैसे अडले असतील आणि व्हाउचरवर सही करणे भागच असेल, तर सहीच्या वर ‘उर्वरित रकमेचा हक्क राखून, निषेधासह स्वीकारले’ असे लिहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. सही केली म्हणून वाढीव भरपाई मागण्याचा हक्क संपत नाही, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. फसवणूक किंवा दबावाखाली केलेल्या सहीने ग्राहकाची तक्रार बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९९ मध्ये म्हटले आहे. तरीही दबाव सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते, म्हणून तो शेरा आधीच लिहिलेला बरा.

कंपनीने एक महिन्यात उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर आपल्याला पटले नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. खानदेशासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तेथे शुल्क लागत नाही, वकील चालत नाही, आणि कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, परंतु दोन्ही ठिकाणी एकाच वेळी तक्रार चालत नाही. १८,००० रुपयांच्या वादासाठी मी लोकपालांचीच निवड करीन. अर्जासोबत पॉलिसी, बिल, कपातीचा कागद, आपला ई-मेल आणि तो फोटो जोडा.