नाव शेवटी लिही

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

मूर्तिशास्त्राच्या शब्दांच्या तुझ्या वहीचे फोटो मिळाले. अक्षर सुरेख, शुद्धलेखन चोख, आणि ‘अभंग’पासून ‘ज्ञानमुद्रे’पर्यंत सगळे शब्द अकारविल्हे लावलेले. आणखी कोणते शब्द पाठ करू, असं तू विचारलंस. सध्या एकही करू नकोस. आहेत तेवढे घेऊन एखाद्या मूर्तीपुढे उभी राहा आणि ती कोणाची आहे हे सोडून बाकी सगळं लिहून काढ. नाव शेवटी लिही.

देवळात शिरलं की आपला पहिला प्रश्न असतो, ‘हा कोणता देव?’ पुजारी सांगतो, आपण हात जोडतो आणि बघणं तिथेच थांबतं. भक्ताचं त्यात काही बिघडत नाही. तुला मात्र मूर्तिशास्त्र शिकायचंय, आणि नाव एकदा कानावर पडलं की डोळे आळशी होतात. मग मूर्तीत नसलेलं आयुधही दिसायला लागतं.

पहिली गोष्ट डाव्या-उजव्याची, कारण बहुतेकांचं इथेच फसतं. ‘उजवा हात’ म्हणजे मूर्तीचा उजवा. समोरून बघताना तो तुझ्या डाव्या बाजूला येतो. उजव्या सोंडेचा गणपती आपण असाच ओळखतो, पण वही हातात आली की मुलं हमखास गोंधळतात. पानाच्या वरच ‘मूर्तीचा उजवा’ असं लिहून ठेव.

एवढ्याशा गोष्टीवर किती अवलंबून असतं, ते विष्णूच्या मूर्तीत कळतं. सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजी आचमन करायला लावतात आणि केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः अशी नावं म्हणतात, ती तुला पाठ असतील. ती चोवीस आहेत. शंख, चक्र, गदा आणि पद्म या चार वस्तू चार हातांत चोवीसच प्रकारे वाटता येतात, आणि प्रत्येक वाटणीला त्यातलं एकेक नाव दिलेलं आहे. वाचायचा क्रम असा: उजवा खालचा हात, उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा. म्हणजे समोरून बघताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे, प्रदक्षिणेसारखा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला तर तो केशव. शंख, पद्म, गदा, चक्र असा लागला तर नारायण. ग्रंथागणिक काही नावं इकडची तिकडे होतात, त्याची काळजी आत्ता नको. तू फक्त क्रम बरोबर टिपायचा, नाव नंतर पुस्तकात सापडतं. क्रमच चुकला तर कोणतंही पुस्तक उपयोगाचं नाही.

टिपण कसं असावं, त्याचा नमुना देतो:

‘काळा पाषाण. उंची माझ्या कमरेएवढी. समपाद उभी. चार हात, उजवा खालचा मनगटापासून भग्न, उजव्या वरच्यात शंख, डाव्या वरच्यात चक्र, डाव्या खालच्यात गदा, तिचं टोक पीठावर टेकलेलं. किरीटमुकुट. गळ्यात दोन पदरी हार, दंडात केयूर, कमरेला मेखला, गुडघ्याखाली लोंबणारी माळ. पायांशी दोन्ही बाजूंना एकेक लहान आकृती, चेहरे झिजलेले. मागे प्रभावळ, तिच्या माथ्यावर कीर्तिमुख (उग्र सिंहासारखं तोंड).’

यात विष्णू हा शब्द कुठेही नाही, तरी वाचणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. तुटलेल्या हातात पद्म असणार, हा अंदाज आहे. तो ‘बहुधा’ लावून शेवटी लिहायचा, वर्णनात घुसडायचा नाही.

केयूर, मेखला, नूपुर असे दागिन्यांचे शब्द तू रट्टा मारून पाठ केलेले दिसतात. त्यापेक्षा मूर्तीचा फोटो तुझ्या आजीला दाखव. दंडातल्याला ती वाकी म्हणेल, कमरेच्याला कमरपट्टा, पायातल्याला पैंजण किंवा तोडे, आणि यातलं भरीव कोणतं, पोकळ कोणतं, फाशाचं कोणतं हेही सांगेल. संस्कृत नाव त्याच्यापुढे लिही. दागिने माझ्यापेक्षा तिला जास्त कळतात.

उभं राहण्याचे प्रकार आरशासमोर शिक. दोन्ही पायांवर सारखा भार टाकला की समपाद. एका पायावर किंचित कलून कमर जराशी सरकली की अभंग. डोकं, धड आणि पाय तीन दिशांना वळले की त्रिभंग. लाजू नकोस. अंगाला कळलेला शब्द विसरत नाही.

उठावाच्या शब्दांना फार वेळ देऊ नकोस. मूर्तीभोवती फिरता येत असेल तर ती पूर्णमूर्ती. पाठ दगडातच असेल तर उठावशिल्प, मग उठाव उथळ की खोल तेवढं सांगायचं. परीक्षेच्या पेपरात लो रिलीफ, हाय रिलीफ म्हणतील, तेही चालेल. मोठे शब्द वापरले म्हणून कोणी गुण वाढवत नाही.

देवळाचे शब्द दारापासून शिक. शिखर उंचावर असतं, पुष्कळदा पडलेलं असतं, किंवा नंतर विटाचुन्यात बांधून रंगवलेलं असतं. गर्भगृहाचं दार मात्र डोळ्यांसमोर असतं. खाली उंबरठा, त्यावर बहुधा कीर्तिमुख. दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या, त्या द्वारशाखा. त्या मोजायच्या आणि कोणत्या शाखेवर काय कोरलंय, वेल की नर्तक की स्तंभ, ते लिहायचं. शाखांच्या पायथ्याशी द्वारपाल. वर आडव्या पट्टीच्या मधोमध छोटी कोरीव मूर्ती, ती ललाटबिंब. तिथे गणपती दिसला म्हणून देऊळ गणपतीचं ठरवू नकोस, आपल्याकडे पुष्कळ देवळांत तिथे गणपतीच असतो.

आता एक शब्द तुझ्या वहीतून काढून टाकायला सांगतो, निदान काही दिवस: हेमाडपंती. आपल्या खानदेशात चुना न वापरता बांधलेलं कोणतंही जुनं दगडी देऊळ दिसलं की हा शिक्का मारतात. मग ते पाटणादेवीचं असो, बळसाण्याचं असो, की तापी-पूर्णेच्या संगमाजवळच्या चांगदेवचं. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. चाळीसगावजवळच्या वाघळीचा शिलालेख शके 991 चा, म्हणजे इ.स. 1069 चा, यादव सेउणचंद्राच्या काळातला. हेमाद्रीच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी इथे देवळं उभी राहत होती. हेमाडपंती म्हटलं की काळाचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो आणि कोणी शिलालेख शोधत नाही. त्याऐवजी ‘दगडी, चुन्याशिवाय सांधलेलं, यादवकालीन असावं’ असं लिही. लांबलचक आहे, पण खोटं नाही.

शैली आणि काळ हे शब्द अजिंठ्याला शिकावेत. जळगावहून सकाळची गाडी धर, फर्दापूरला उतर, आणि सगळी लेणी बघायचा हट्ट सोड. दहा क्रमांकाचं आणि सव्वीस क्रमांकाचं, दोनच बघ. दोन्ही चैत्यगृहं: लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, टोकाला स्तूप. दहामधला स्तूप साधा, त्यावर बुद्धाची मूर्ती नाही. ते लेणं इसवी सनापूर्वीचं. सव्वीसमध्ये स्तूपाच्या पुढ्यातच पाय खाली सोडून बसलेला बुद्ध आहे. ते पाचव्या शतकातलं. आराखडा तोच, मधे पाचशेहून अधिक वर्षं. त्या वर्षांत काय बदललं ते आपल्या शब्दांत लिहिलंस की कलेचा इतिहास सुरू झाला म्हण.

सव्वीसच्याच डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचा भव्य पट आहे, आणि त्याच भिंतीवर पुढे मारविजयाचा, म्हणजे बुद्धाला मोहात पाडायला आलेल्या माराच्या पराभवाचा. पहिल्यात बुद्ध उजव्या कुशीवर निजलेला, खाली शोक करणारे शिष्य. दुसऱ्यात तो बसलेला, उजव्या हाताची बोटं जमिनीकडे: भूमिस्पर्श मुद्रा. वहीत तू तिची व्याख्या बरोबर लिहिली आहेस. पण भोवती माराचं सैन्य आणि त्याच्या मुली असताना तो हात किती शांत आहे, ते व्याख्येत येत नाही.

आणखी एक शब्द जोड: आश्रयदाता. अजिंठ्याचं सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं, तसा लेख तिथे आहे. छिन्नी चालवणाऱ्यांची नावं मात्र नाहीत. बहुतेक ठिकाणी हेच दिसतं. म्हणून चाळीसगावच्या डोंगरापलीकडच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांचं मला कौतुक वाटतं. तिथे सापडलेल्या यक्षाच्या हातावर ‘कण्हदास सोनाराने घडवला’ अशा अर्थाचा लेख आहे. सोनार म्हटल्यावर त्या यक्षाचे दागिने पुन्हा निरखून बघावेसे वाटतात की नाही? मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तिथे जाशील तोवर फोटोवर भागव.

थोडं व्यवहाराचं. गावातल्या मूर्तीवर शेंदराची पुटं चढलेली असतात, वर चांदीचे डोळे आणि साडी. पुजाऱ्याला विचारल्याशिवाय फोटो काढू नकोस, आणि शेंदूर खरवडण्याचा विचारही करू नकोस. ‘शेंदूर असल्याने तपशील दिसत नाहीत’ हेही वर्णनच आहे. सराव करायला धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय बरं, तिथे मूर्तीपुढे निवांत उभं राहता येतं. वेशीवर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, असेल तर घरबसल्या सोय झाली. वीरगळ खालून वर वाचायचा: खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. लोक त्याला कोणता देव म्हणतात, तेही विचारून ठेव.

पुढच्या पत्रात शब्दांची यादी पाठवू नकोस. एका मूर्तीचं वर्णन पाठव, फोटोशिवाय. ते वाचून मी इथे चित्र काढीन आणि तुला धाडीन. मूर्तीशी ताडून बघ, आणि जिथे माझं चित्र चुकलेलं असेल तिथे तुझा कोणता शब्द कमी पडला ते शोध. तेवढाच वहीत घाल.

तुझा,
सर