चित्रकार वॉटरहाउसच्या चित्रात सर्सीमागच्या आरशात कोण दिसतं? आणि ही प्रिंट दिवाणखान्यात लावली तर बरं दिसेल का?

सर्सी म्हणजे ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यातली, पेला पाजून पुरुषांची डुकरं करणारी जादूगारीण. आरशात त्या काव्याचा नायक युलिसिस आहे, मागे त्याचं गलबतही दिसतं. म्हणजे तुम्ही चित्रासमोर जिथे उभे आहात तिथेच तो उभा आहे आणि सर्सीने पेला तुमच्यापुढेच धरलाय. खरी मेख ती. आसनाच्या हातांवर सिंह आहेत (अक्षरशः सिंहासन!) आणि पायाशी लोळतंय ते डुक्कर म्हणजे पेला रिचवलेला खलाशी.

आता दिवाणखान्याचं. नवऱ्याचं काम मँचेस्टरला होतं तेव्हा ट्रामने ओल्डहॅमला जाऊन मी हे १८९१चं मूळ चित्र पाहिलं, आणि परत आल्यावर ठाण्याच्या घरात हौसेने प्रिंट लावली. सत्यनारायणाला मोठे दीर आले. शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन चित्रापुढे चांगले पाच मिनिटं उभे. झगा झिरझिरीत आहे, नाही कशाला म्हणू? मग म्हणाले, "पुरुषांची डुकरं करणारी बाई घरात कशाला? पूजेच्या दिवशी तरी झाका." मी मुकाट्याने वर टॉवेल टाकला. अकरा वर्षं झाली, अजून सलतं.

भाऊजींनी होमर वाचलेला नव्हता. डुकरं तिने केली, कबूल. पण त्यांना परत माणसं तिनेच केलं, आधीपेक्षा तरुण आणि देखणी! युलिसिसरावांना तर हर्मीस देवाने मोली नावाची मुळी दिलेली, जादू चढलीच नव्हती. तरी वर्षभर तिच्याकडे पाहुणचार झोडत राहिले. घराची आठवण शेवटी साथीदारांनी करून दिली. गाण्याने भुलवून खलाशांचा घात करणाऱ्या सायरनांपासून वाचायला खलाशांच्या कानात मेण घालायची युक्तीही तिचीच. आता सांगा, बिघडवलं कुणी कुणाला?

तेव्हा खुशाल लावा. त्याच चित्रकाराची १८९२ची, सिला नावाच्या अप्सरेवर जळून पाण्यात विष ओतणारी सर्सी मात्र मीही लावणार नाही. ती खरंच वाईट नजरेची आहे.

हां, आरसा होमरमध्ये नाही, ती वॉटरहाउसची भर. आणि सासरची वडीलधारी मंडळी येत-जात असतील तर नवऱ्याला आधी विश्वासात घ्या, मी घेतलं नव्हतं.

फ्रेमला काच साधी, चकाकणारीच घ्या. भाऊजी उभे होते तेव्हा त्यांचा चेहरा, द्रोणासकट, बरोबर तिच्या पेल्याखाली उमटला होता.