मनीप्लँट वरून बोडका का होतो?

प्रश्न: फडताळावर ठेवलेल्या मनीप्लँटची वेल लोंबत जमिनीला टेकली आहे. पण कुंडीकडचा भाग पार बोडका झालाय. पानं आहेत ती शेंड्याकडे, तीही पूर्वीच्या निम्मी. पिवळे पट्टेही गेले. खत घालून पाहिलं, उपयोग शून्य. काय करू?

उत्तर: खताची पुडी आधी आत ठेवून द्या. तुम्ही सगळं लिहिलंत, फक्त कुंडी खिडकीपासून किती लांब आहे तेवढं राहिलं. ते पानंच सांगताहेत म्हणा! पानाच्या पिवळ्या भागात हरितद्रव्य फारच कमी, त्यामुळे अन्न तयार करायला त्याचा फारसा उपयोग नाही. उजेड कमी पडला की नवी पानं हिरवीच निघतात, पेरांमधलं अंतर वाढतं, वेल किडकिडीत होऊन नुसती लांबते. ‘सावलीतही जगतं’ म्हणून लोक हे झाड अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवतात. जगतं खरं, पण जगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. दुपारी दिवा न लावता जिथे पेपर वाचता येतो तिथे कुंडी आणा. कडक ऊन मात्र थेट लागू देऊ नका, पानं करपतात.

दुसरं कारण लोंबण्यातच आहे. मनीप्लँट मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचा, आणि चढणं हा त्याचा स्वभाव. मोठ्या झाडाच्या बुंध्याला धरून वर गेला की पान हातभर होतं, त्याच्या कडाही फाटतात. खाली सोडलेल्या वेलीची पानं लहानच राहतात. मोठी हवी असतील तर कुंडीत मॉसस्टिक, म्हणजे शेवाळ गुंडाळलेली काठी, रोवा आणि ती ओली ठेवा. कोरड्या काठीत हवाई मुळं शिरत नाहीत. लोंबती वेलच आवडत असेल, तर पानांच्या आकाराची तक्रार सोडा.

आता बोडका भाग. गळलेल्या पानाच्या जागी पान परत येत नाही. पण पेरापेराशी एक डोळा असतो. शेंडा शाबूत असेपर्यंत तो सहसा फुटत नाही. तेव्हा मन घट्ट करा आणि कुंडीपासून वीतभर वेल ठेवून बाकीची कापा. कापलेल्या वेलीचे दोन-दोन पेरांचे तुकडे करा. पेराशी तपकिरी टेंगूळ दिसेल, मुळं तिथूनच येतात, म्हणून काप त्याच्या बोटभर खाली घ्या. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर त्याची वेल होत नाही. खालचं पेर पाण्यात बुडवा, पाणी आठवड्याला बदला आणि मुळं दोन-तीन इंच झाली की तुकडे त्याच कुंडीत मूळ वेलीभोवती लावा. कुंडी भरगच्च दिसते ती अशी. एकाच वेलीने कधीच दिसत नाही. पाण्यात वाढलेल्या मुळांना माती नवी असते, म्हणून सुरुवातीला ती कोरडी पडू देऊ नका. पुढे मात्र वरची इंचभर माती सुकल्यावरच पाणी.

पट्टे हवे असतील तर वेलीच्या दांड्यावर पिवळी रेघ जिथपर्यंत दिसते तिथपर्यंत मागे छाटा. हिरवी झालेली पानं पुन्हा पिवळी होणार नाहीत.

प्रश्न: मनीप्लँटला फूल कसं आणावं?

उत्तर: वाट पाहू नका. लागवडीतल्या मनीप्लँटला आपोआप फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ सालची आहे. फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याला पुरेसं बनवता येत नाही. कुठलंही खत ही उणीव भरून काढणार नाही.

प्रश्न: आमचं मांजर लोंबत्या वेलीशी खेळतं. चालेल ना?

उत्तर: नाही. पानात आणि दांड्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्याही होतात. लहान मुलांनाही तोच त्रास. मांजराची उडी पोचणार नाही इतकी कुंडी उंच टांगा आणि वेल आखूड ठेवा. उलट्या थांबत नसतील तर पशुवैद्याकडे न्या, जाताना पान सोबत घ्या.