मेक्सिकोतल्या पालेंके ह्या प्राचीन माया शहराच्या राजाच्या थडग्यावर खरंच रॉकेट कोरलंय का?

नाही हो, रॉकेट वगैरे काही नाहीये. शवपेटीच्या झाकणाचा तो फोटो फिरतो ना, ज्यात एक माणूस पुढे वाकून यान चालवतोय असं वाटतं, तो बहुतेक वेळा आडवा लावलेला असतो. उभा करून बघा. त्याच्या मागे क्रॉससारखं झाड आहे, शेंड्यावर पक्षी बसलाय आणि खाली पाताळाचा जबडा उघडा आहे. माणूस म्हणजे पाकाल, वयाच्या बाराव्या वर्षी 615 मध्ये गादीवर बसला आणि 683 ला वारला. शवपेटीच्या बाजूंवर त्याचे आईवडील आणि पूर्वज आहेत, प्रत्येकजण आपापल्या फळझाडासकट जमिनीतून उगवतोय, कोणाचं कोकोचं झाड तर कोणाचं पेरूचं. रॉकेटवाले ह्या बाजू कधी दाखवत नाहीत, दाखवल्या तर परग्रहावर पेरूची बाग कशी हे सांगावं लागेल.

भारी आहे ते बांधकाम. थडगं ज्या पिरॅमिडखाली आहे त्याच्या माथ्यावरच्या देवळात फरशीच्या एका दगडाला भोकं होती आणि त्यात दगडी बुचं बसवलेली, शिवाय भिंती फरशीच्याही खाली जात होत्या, हे अल्बेर्तो रुझ ह्या पुरातत्त्वज्ञाला खटकलं. दगड उचलला तर खाली जिना, तोही मुद्दाम दगडमातीने गच्च भरलेला! तो उपसण्यात खोदकामाचे चार सीझन गेले, मग 1952 ला एकदाचं थडगं सापडलं. शवपेटी एवढी अवाढव्य की त्या जिन्यातून उतरणं शक्यच नाही, म्हणजे आधी ती ठेवली आणि मग तिच्यावर पिरॅमिड रचला. जिन्याला लागून एक बारीक दगडी नळीपण वरपर्यंत गेलीये, मेलेल्या राजाशी संपर्क राहावा म्हणून असं अभ्यासक मानतात.

माया लोक आपल्यासारखी गोल कमान बांधत नव्हते, दोन्हीकडून दगड थोडे थोडे पुढे काढत वर जुळवायचे, त्यामुळे एरवी खोल्या अरुंद आणि अंधाऱ्या. पालेंकेवाल्यांनी असे दोन गाळे एकाच मधल्या भिंतीवर टेकवले, छत हलकं केलं आणि दारं रुंद ठेवली, म्हणून इथे जरा उजेड आहे.

जाणार असाल तर थडग्यात आता उतरू देत नाहीत, पण तिथल्याच म्युझियममध्ये झाकणाची प्रतिकृती आहे. पाकालचा जेड ह्या हिरव्या दगडाचा मुखवटा मात्र मेक्सिको सिटीत, तो 1985 ला चोरीला गेला होता, 1989 ला परत मिळाला.