गावाकडून आलेली मुलं पुण्याच्या कॉलेजात टिकावीत म्हणून शिक्षकाने काय करावं?

तुम्ही नुकतंच पुण्यात शिकवायला लागलात आणि वर्गातल्या आदिवासी, ग्रामीण, अपंग मुलांना सामावून कसं घ्यायचं, असं विचारलंय. मी इथे पंधरा वर्षं अर्थशास्त्र शिकवते. माझं सांगणं एकच: पहिल्या वर्षाची दिवाळीपर्यंतची हजेरी डोळ्यांत तेल घालून बघा. आरक्षणामुळे प्रवेश मिळतो, पण मुलं गळतात ती याच महिन्यांत, आणि बहुतेक वेळा पैशापायी.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावची एक मुलगी सकाळच्या तासाला सारखी गैरहजर असायची. मी तिला वर्गात बोलले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. ती सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत फक्त खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन, राहत होती, मेसचा डबा एकाच वेळचा लावला होता आणि पहाटे एका घरी पोळ्या लाटायला जात होती. ‘स्वयं’ योजनेचा हप्ता आलेला नव्हता. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी ही योजना आहे, अनुसूचित जातींसाठी तशीच ‘स्वाधार’. पुण्यात स्वाधारचे वर्षाला 60,000 रुपये ठरलेत. पण घरमालक हप्त्यासाठी थांबत नाही. म्हणून विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत मुलांची नावं जूनमध्येच घालायला लावा.

माझ्या आधीच्या कॉलेजात शिपाई भर वर्गात येऊन ‘एससी-एसटीवाल्यांनी ऑफिसात या’ असं ओरडायचा. निम्मी मुलं उठायचीच नाहीत, मग महाडीबीटीची, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलची, मुदत निघून जायची. हे तुमच्याकडे होत असेल तर आजच बंद पाडा. प्रत्येकाला स्वतंत्र निरोप द्या. जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी (पडताळणी), उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं, यातलं काय अडलंय ते शेजारी बसून बघा.

भाषेचंही तसंच. घरी पावरी ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या मुलीला मराठीसुद्धा शाळेत शिकावी लागलेली असते, त्यात तुमचा तास इंग्रजीतून. फळ्यावर संज्ञा दोन्ही भाषांत लिहा आणि ज्या पेपरला मराठीतून उत्तरं चालतात, ते पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. अनेकांना हे माहीतच नसतं.

अंध विद्यार्थ्याला लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. त्याचा अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी करून भागत नाही. अशा मुलांच्या सोयी बघणारा कॉलेजातला समान संधी कक्ष कोण बघतं ते आधी शोधा आणि पहिल्या वेळी मुलाबरोबर स्वतः जा.